"इकडे बघ" म्हणायचं नाही: टेकडीवर, रानात मुलांचे फोटो काढताना

भाचीला पहिल्यांदा फोटोसाठी म्हणून पुण्यातल्या वेताळ टेकडीवर नेलं, तो नोव्हेंबरातला रविवार होता आणि दुपारचे साडेतीन वाजले होते. बरोबर तिची आई, आजी, खाऊचा डबा आणि खास इस्त्री केलेला पांढराशुभ्र फ्रॉक. दोनशेच्या वर फोटो काढले. बहुतेकांत उन्हाने तिचे डोळे बारीक झालेले आणि फ्रॉक इतका पांढराफटक की त्याची शिवणही दिसेना. आजी माझ्या मागे उभी राहून "इकडे बघ, मामाकडे बघ, हस ना गं" म्हणत होती. त्यामुळे चेहऱ्यावर हसू होतं ते दात दाखवण्यापुरतं. मग गवताची कुसळं मोज्यांत शिरली, रडारड झाली, खाऊ निघाला आणि उतरायला साडेपाच वाजले. त्या दिवशीचा एकच फोटो आज घरात भिंतीवर आहे आणि तो माझ्या बहिणीने निघता निघता फोनवर काढलेला. भाची दगडावर बसून मोज्यातलं कुसळ उपटते आहे, मागून ऊन येतंय, जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली.

तो फोटो का जमला हे कळायला मला वर्ष लागलं. सूर्य उतरला होता आणि तिच्या पाठीशी होता. तिच्यासमोर वाळलेल्या गवताचा पिवळट उतार होता. तिच्या हातात काम होतं, आणि तिला काही सांगणारं कोणी नव्हतं. तेव्हापासून मी क्रम ठरवून टाकला: आधी उजेड, मग जागा, मग मुलाला काम, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगतो. मूल साधारण दोन ते आठ वर्षांचं आहे असं धरलं आहे.

वेळ ठरवा, आणि ती पाळा

परदेशी लेखकांनी लिहिलेल्या फोटोग्राफीच्या पुस्तकांत सूर्यास्ताआधीच्या सोनेरी तासाचं फार कौतुक असतं. कौतुक खरं, पण आपल्याकडे तो तास भरत नाही. लंडन-बर्लिनकडे उन्हाळ्यात सूर्य तिरका, रेंगाळत मावळतो. आपल्या अक्षांशावर तो बराचसा सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून दहा अंशांवर आला की मावळायला पाऊण तास उरतो, आणि त्यातली मधली वीस-पंचवीस मिनिटं खरी कामाची. पुण्यात नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनअखेरीला सव्वासातला. नागपूरला हिवाळ्यात तो वीस-पंचवीस मिनिटं आधीच जातो. म्हणजे डिसेंबरात पुण्यातल्या टेकडीवर पाच वाजता मूल जागेवर हवं, सव्वापाचपर्यंत रुळलेलं हवं.

इथे एक फसगत होते. पंचांगातला सूर्यास्त सपाट क्षितिजाचा असतो. तुम्ही टेकडीच्या पूर्व उतारावर उभे असाल, तर टेकडीच ऊन अडवते आणि अर्धा तास आधीच सावली पडते. संध्याकाळी जायचं असेल तर पश्चिम उतार धरा, सकाळी पूर्वेचा.

सकाळ संध्याकाळपेक्षा चांगली, असं माझं मत आहे. मूल ताजं असतं, वारा कमी असतो, टेकडीवर गर्दी नसते, हिवाळ्यात गवतावर दव असतं. अडचण एवढीच की पावणेसातला उगवणाऱ्या सूर्यासाठी मुलाला सहाला उठवावं लागतं, आणि झोपमोड झालेल्या मुलाचे फोटो काढण्यापेक्षा मांजरीला आंघोळ घालणं सोपं. जे मूल आपण होऊन लवकर उठतं त्याला सकाळी न्या, बाकीच्यांना दुपारची झोप झाल्यावर संध्याकाळी. मुलाची झोप आणि उजेड यांचं भांडण झालं तर झोपेचं ऐका.

दुपार टाळाच. मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य अगदी डोक्यावर. त्या दिवसांत माध्यान्हीला चेहऱ्यावर उजेड वरून कोसळतो, भुवयांखाली काळोख साचतो, नाकाची सावली ओठांवर पडते. दुपारीच काढायची वेळ आली तर सावलीच्या काठावर उभं राहायचं. त्याबद्दल पुढे.

मुलाशिवाय एक फेरी

आदल्या दिवशी, ज्या वेळेला फोटो काढायचे त्याच वेळेला, एकट्याने जागा बघून या. निसर्गरम्य देखावा शोधायला जायचं नाही. हवी असते ती एका अंगणाएवढी जागा, जिथे पार्श्वभूमी शांत आहे आणि उजेड नीट येतो. पाच-सहा पावलं इकडे, पाच-सहा तिकडे. त्या तुकड्यात मूल खेळेल आणि तुम्ही भोवती फिराल.

उजेड कसा येतो ते बघायला स्वतःचा हात पुरतो. तळहात चेहऱ्याच्या उंचीवर धरा आणि गोल फिरा. कुठल्या दिशेला तोंड केल्यावर बोटांच्या सावल्या मऊ होतात, कुठे कडक होतात, ते लगेच कळतं.

झाडाखाली सावली असते म्हणून लोक मुलाला थेट आंब्याखाली उभं करतात. तिथे दोन घोटाळे होतात. पहिला कवडशांचा: पानांतून झिरपलेल्या उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर पडतात. डोळ्याला ते गोड वाटतात, फोटोत मात्र गालावर पांढरा डाग आणि शेजारी काळोख. दुसरा घोटाळा रंगाचा. वर हिरवी पानं, खाली हिरवं गवत. दोन्हींवरून परतलेला उजेड हिरवट असतो, आणि मुलाची हनुवटी आजारी दिसायला लागते. उपाय म्हणजे सावलीच्या आत न जाता काठावर राहणं. मूल सावलीत, पण काठापासून एखाद-दोन हात आत, आणि तोंड मोकळ्या आकाशाकडे. डोळ्यांत आकाशाचा पांढरा ठिपका दिसू लागला की जागा बरोबर आहे असं समजा. तो ठिपका नसेल तर डोळे विझलेले दिसतात.

पायाखालची जमीन काय रंगाची आहे, याकडे कोणीच बघत नाही. मी आता आधी तेच बघतो. जमीन म्हणजे फुकटचा रिफ्लेक्टर. वाळलेलं गवत, फिकट दगड, वाळू, शेतातला धुळीचा रस्ता यांवर ऊन पडलं की खालून चेहऱ्यावर उबदार उजेड येतो आणि डोळ्यांखालची काळोखी भरून निघते. म्हणून देशावरच्या टेकड्यांवर फोटोसाठी नोव्हेंबर ते जानेवारी मला पावसाळ्यापेक्षा आवडतो. पावसाळ्यातलं हिरवं फोटोत फार ओरडतं, वाळलेलं गवत चेहऱ्याला पुढे येऊ देतं. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीवर मात्र जपून. तिथे खालून येणारा उजेड तांबूस असतो आणि मान केशरी दिसते.

फेरीत आणखी एक गोष्ट बघायची: काय टोचेल, काय चावेल, कुठून पडेल. वेताळ टेकडीवर जुनी दगडखाण आहे, तिच्या आसपास मी मुलांना घेऊन थांबत नाही, कितीही सुरेख पार्श्वभूमी मिळाली तरी. वाळक्या गवतात कुसळं आणि गोखरू असणारच. घाटात हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगा पिकतात. त्यांची लव अंगाला लागली तर फोटोच काय, दिवस संपला. दगडांच्या राशी, उंच ओलं गवत, पालापाचोळ्याचे ढीग म्हणजे फुरशाचं, घोणशीचं घर असू शकतं. मूल बसणार ती जागा काठी आपटून आधी मोकळी करून घ्या.

कपडे, पिशवी, आणि दुसरं माणूस

कपडे जुने, अंगाला सवयीचे. नवा कपडा टोचतो, आणि तो मळेल म्हणून कोणीतरी सतत ओरडतं. रंग मातीशी जुळणारे: मोहरी, विटकरी, फिका निळा, करडा, सायीसारखा पांढरा. पांढराशुभ्र आणि निऑन रंग नको. निऑन हिरव्या टी-शर्टचा रंग हनुवटीवर चढतो, तो नंतर काढता येत नाही. छातीवर कार्टून आणि मोठी अक्षरं असली की डोळा आधी तिकडेच जातो. मोजे लोकरीचे नकोत. कारण वर सांगितलं आहे. पूर्ण पायजमा आणि बंद बूट.

तीट, काजळ, गळ्यातला ताईत, हातातला काळा दोरा असेल तसा राहू द्या. पंधरा वर्षांनी फोटोत तेच शोधाल.

पिशवीत पाणी, खाऊ, ओला रुमाल, एक चादर, डास पळवणारं मलम, चिमटा. चिमटा कुसळांसाठी आणि काट्यांसाठी. माझ्यासाठी एक रिकामं पोतं, कारण अर्धा वेळ मी गुडघ्यांवर किंवा पोटावर असतो. खाऊ कोरडा आणि रंग न लागणारा असावा. भाचीला एकदा जिलबी दिली होती, मग उरलेल्या सगळ्या फोटोंत तिच्या तोंडाभोवती केशरी गोल.

दुसरं मोठं माणूस हवंच, आणि त्याला फक्त मूल सांभाळायचं काम. कॅमेऱ्यातून बघताना तुम्हाला चौकटीबाहेरचं काही दिसत नाही. दोन पावलांवरचा उतार, येणारी दुचाकी, समुद्रावर असाल तर मागून येणारी लाट, काहीच नाही. हे माणूस उभं कुठे राहतं यावरही फोटो ठरतो, कारण मूल त्याच्याकडेच बघत असतं. त्याला उजेडाच्या बाजूला, तुमच्या खांद्याजवळ उभं करा. बाकीच्या मंडळींना थोड्या अंतरावर चादर घालून चहा द्या. आजीला काम हवं असेल तर तिला गोष्ट सांगायला बसवा. गोष्ट ऐकणाऱ्या मुलाचा चेहरा हा मला माहीत असलेला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चांगला फोटो आहे.

कॅमेऱ्याचे आकडे घरीच लावून ठेवा

मूल समोर आल्यावर बटणं फिरवत बसू नये. मी निघतानाच हे लावून ठेवतो.

शटर किती वेळ उघडं राहतं, ते सगळ्यात महत्त्वाचं. बसलेल्या मुलासाठी १/२५० सेकंद, चालणाऱ्यासाठी १/५००, धावत्या किंवा उडी मारणाऱ्यासाठी १/१०००. मूल कधी उठेल हे आपल्या हातात नसल्यामुळे मी १/५०० च्या खाली येतच नाही. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ऑटोवर, वरची मर्यादा ३२०० किंवा ६४००. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं. त्या बाबतीत नवशिक्यांची एक हौस असते: एफ १.८ ची लेन्स घेतली ना, मग एफ १.८ लाच काढायचं. हिशोब करून बघा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ एमएमची लेन्स, मूल दोन मीटरवर, एफ १.८: स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण सहा सेंटिमीटरांचा. मूल श्वास घेताना तेवढं हलतं. नाक तीक्ष्ण, डोळे पुसट, हे माझ्या पहिल्या दिवशीच्या निम्म्या फोटोंचं वर्णन आहे. तेच एक पाऊल मागे जाऊन तीन मीटरवरून एफ ४ ला काढलं तर पट्टा तीस सेंटिमीटरांच्या आसपास होतो आणि पूर्ण डोकं त्यात मावतं. पार्श्वभूमी पुसट हवी तर अ‍ॅपर्चर उघडण्याआधी मुलाला मागच्या झाडीपासून लांब आणा. मागची झाडं वीस मीटरवर असतील तर एफ ४ लाही ती विरघळतात. मूल भिंतीला किंवा झुडपाला टेकून उभं असेल तर एफ १.८ सुद्धा काही करू शकत नाही.

लेन्स कुठली? एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. स्वस्तात ५० एमएम एफ १.८ उत्तम. साध्या, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ७५-८० एमएमसारखी वागते. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ असेल तर ५५ कडचं टोक वापरा. जवळ येऊन १८ वर काढू नका, त्यात नाक मोठं आणि कान गायब होतात. माझी स्वतःची आवड म्हणजे लांबचा झूम १०० ते १३५ एमएमवर. मूल आपल्यात रमतं आणि मी सात-आठ मीटरवर पोत्यावर पडलेला असतो, विसरला गेलेला.

फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर ठेवा. कॅनन त्याला एआय सर्व्हो किंवा सर्व्हो म्हणतं, निकॉन आणि सोनी एएफ-सी. डोळा ओळखण्याची सोय असेल तर चालू करा. बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग फोटो) चालू, पण मध्यम वेगाचा. नाहीतर रात्री हजार फोटो निवडत बसाल. फाइल रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेली कच्ची, घ्या. संध्याकाळी रंग पटापट बदलतात, नंतर दुरुस्त करायला जागा राहते.

पहिली दहा मिनिटं

पोचल्यावर कॅमेरा गळ्यात लटकवून ठेवा, पण फोटो काढू नका. मुलाला जागा हुंगू द्या. त्याला कॅमेरा हवा असतो, म्हणून आधी त्यालाच द्या: पट्टा त्याच्या गळ्यात, तुमचा हात खाली. त्याने तुमचे दोन फोटो काढले, स्क्रीनवर बघितले, की कुतूहल संपतं. तोवर आजूबाजूच्यांना शेवटचं सांगून ठेवा: कोणी "इकडे बघ" म्हणायचं नाही, कोणी "हस" म्हणायचं नाही. नाव घेऊन हाका मारू नयेत. एका दिवसात पन्नास वेळा नाव ऐकलेलं मूल एक्कावन्नाव्या वेळी वळत नाही. त्याचं लक्ष खरंच हवं असेल तर हळूच काहीतरी चुकीचं बोला. "हा बघ, कावळा म्याऊ म्हणाला." ते वळून तुमची चूक दुरुस्त करतं. त्या क्षणाचा चेहरा घ्या.

तुमची उंची हा अर्धा फोटो असतो. मोठ्यांच्या छातीच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत मुलाचं डोकं मोठं, पाय बारके आणि पार्श्वभूमीला नुसती जमीन येते. गुडघे टेका, लेन्स त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. दोन वर्षांच्या मुलासाठी पोटावर पडावं लागतं. पडल्यावर गवताची पाती लेन्सच्या अगदी जवळ येतात, ती पुसट होऊन फोटोच्या खालच्या कडेला धुकं धरल्यासारखी दिसतात, हा एक फायदाच. क्षितिजाचा आडवा पट्टा मुलाच्या मानेतून जात नाही ना, डोक्यातून झाड उगवलेलं नाही ना, एवढं बघा. अर्धं पाऊल सरकलं की दोन्ही सुटतं. हलायचं तुम्ही, मूल नाही.

काम द्या, पोझ नको

मुलाला "नुसतं उभा राहा" म्हटलं की हात काय करायचे हे त्याला कळत नाही. ते आपल्यालाही कळत नाही, आठवा लग्नातले फोटो. त्याला काम द्या, आणि काम असं निवडा की ते तुमच्या उजेडाच्या तुकड्यातच घडेल. टेकडीवर मी ही वापरली आहेत.

दगडांचा मनोरा रचणं. दगड आधीच वेचून उजेडात ठेवायचे, सावलीत नाही. पाचवा दगड ठेवताना श्वास रोखतात, पडला की ओरडतात. दोन्ही फोटो.

बोरं वेचणं, डिसेंबर-जानेवारीत. काट्यांमुळे मोठ्याने फांदी धरायची, मुलाने खालची वेचायची. आंबट बोराचं तोंड आपोआप मिळतं.

फुंकर मारणं. हिवाळा सरताना रुईची बोंडं फुटतात आणि त्यातल्या रेशमी म्हाताऱ्या उडू लागतात. मागून ऊन असताना त्या दिव्यासारख्या पेटतात, याच्याइतकं सुंदर दृश्य टेकडीवर दुसरं नाही. पण रुईचा चीक डोळ्याला घातक आहे. बोंड मोठ्याने तोडावं, वाळलेलंच घ्यावं, म्हातारी सुटी करून मुलाच्या तळहातावर ठेवावी आणि नंतर हात धुवावेत. हे जमणार नसेल तर साबणाचे फुगे आणा, तेही उन्हात पेटतात.

कोकणात किंवा ओल्या भागात असाल तर लाजाळू. मुलाचं बोट, मिटणारी पानं, आणि मग तुमच्याकडे वर बघणारे डोळे. बोटाचा एक जवळून, डोळ्यांचा एक. दुसऱ्यासाठी तयार राहा, तो अर्ध्या सेकंदात जातो.

पाच वर्षांच्या पुढच्या मुलांना गुप्त कामगिरी दिली की फार चालते: "त्या दगडामागे जाऊन बघ, कोणी लपलं आहे का, आणि कानात येऊन सांग." पाठमोरं जाणं, वाकून बघणं, धावत परत येणं, असे तीन वेगळे फोटो एका वाक्यात.

एक काम पाच-सात मिनिटं टिकतं. कंटाळा दिसला की ओढू नका, पाणी द्या, पुढचं काढा. सगळं मिळून चाळीस मिनिटं म्हणजे भरपूर.

सूर्य मुलाच्या पाठीशी

मला सगळ्यात जास्त विचारतात ते याबद्दल: केसांभोवती सोनेरी कड असलेला फोटो कसा येतो. त्यासाठी फिल्टर लागत नाही, उभं राहण्याची दिशा लागते.

सूर्य मुलाच्या मागे, क्षितिजापासून थोडासाच वर दिसतो आहे. तुम्ही समोर, गुडघ्यांवर. आता असे सरका की सूर्य नेमका मुलाच्या डोक्यामागे किंवा झाडाच्या खोडामागे लपेल. केसांना कड मिळते आणि लेन्समध्ये थेट ऊन शिरत नाही. मागे गडद काहीतरी हवं: सावलीतली झाडी, लांबचा डोंगर. मागे फिकट आकाश असेल तर कड आकाशात विरून जाते आणि दिसतच नाही. बहुतेकांचा फोटो इथेच फसतो.

आता चेहरा. कॅमेऱ्याला मागचं झगझगीत दिसतं आणि तो सगळंच काळवंडून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायची सोय) +१ वर न्या, कमी वाटलं तर आणखी एक-दोन टिचक्या. मागचं गवत थोडं पांढरं पडलं तर पडू द्या, चेहरा वाचवा. पण चेहऱ्याला उजेड द्यायचा म्हणून रंग उजळ करत सुटू नका. आपल्या मुलांची सावळी कातडी संध्याकाळच्या उजेडात तांब्यासारखी झळकते. ती पांढुरकी दिसायला लागली की एक्स्पोजर जास्त झालं. गोरं करणारी फिल्टरं तर लहान मुलाच्या फोटोला लावणाऱ्याचा फोन काढून घ्यावा, असं मला वाटतं.

चेहऱ्यावर परत उजेड यावा म्हणून मुलासमोरची जमीन उन्हात हवी. तुमची स्वतःची लांब सावलीही तिथे आड येत नाही, कारण ती तुमच्या मागे पडते, मुलाच्या समोरची जमीन मोकळीच राहते. जमीन गडद असेल तर चादर पसरा. पांढरा शर्ट घालून जाण्याची माझी सवय त्यासाठीच. आजोबांचं धोतर दोघांनी धरलं तर स्टुडिओ झाला. धावणाऱ्या मुलामागे मात्र रिफ्लेक्टर घेऊन पळू नका.

लेन्समध्ये ऊन शिरून फोटो धुरकट होत असेल तर हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी ऊन अडवणारी कड) लावा, नाहीतर डाव्या हाताची सावली लेन्सच्या काचेवर धरा. धुरकटपणात फोकसही चाचपडतो. चेहऱ्यावर पकडेना, तर अर्धं बटण दाबून मुलाच्या कपड्याची गडद कड पकडा, अंतर तेच असतं.

सूर्य गेल्यावर लगेच आवरू नका. पंधरा मिनिटं आकाशच मोठा दिवा होतं, सावल्या नसतात, चेहरे मऊ दिसतात. शटर तेवढं १/२५० वर आणा आणि मुलाला बसतं करा. मग अंधाराच्या आत उतरा.

हातात फोनच असेल तर

फोन कमी नाही, त्याचे दोष माहीत हवेत. आधी काच पुसा. मुलांच्या बोटांचं तेल काचेवर असतं आणि समोरून ऊन आलं की त्याचा पडदा होतो.

फोनचा मुख्य कॅमेरा रुंद असतो, जवळ नेला की चेहरा फुगतो. २एक्स वर जा आणि दोन पावलं मागे या. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथे अडकून राहतो. मग बाजूला येणारी पट्टी ओढून उजेड कमी-जास्त करा. बर्स्ट कसा काढायचा ते घरीच बघा. काही फोनांत बटण दाबून धरतात, काहींत बाजूला ओढतात, काहींत धरल्यावर व्हिडिओच सुरू होतो, आणि हे टेकडीवर शोधत बसलात तर म्हातारी उडून जाते.

गवतात पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. पुढची पाती कुठली, केस कुठले, हे त्याला कळत नाही. एक पातं स्पष्ट, दुसरं अर्धं पुसलेलं, आणि कुरळ्या केसांची कड कात्रीने कापल्यासारखी येते. तोच फोन उन्हं गेल्यावर शटर मंद करतो, मग धावतं मूल पुसट होतं. म्हणून फोन असेल तर लवकर जा आणि ऊन असतानाच आटपा.

पाऊस आणि फुलांची पठारं

पावसात फोटो काढायचे तर पाऊस दिसला पाहिजे. त्यासाठी मागे गडद झाडी आणि उजेड मागून किंवा कडेने हवा. शटर १/१२५ च्या आसपास ठेवलं तर थेंबांच्या रेघा येतात, १/१००० ला थेंब हवेत गोठतात. इथे मुलाला डबक्यात उभं करा आणि मोकळं सोडा, सांगावं लागत नाही. एसी लावलेल्या गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, म्हणून पोचायच्या दहा मिनिटं आधी एसी बंद करा. पावसात लेन्स बदलायची नाही. घरी आल्यावर कॅमेरा पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात.

सप्टेंबरात मुलांना घेऊन कासच्या पठारावर जाणारे खूप. ते पठार पश्चिम घाटाच्या त्या ३९ ठिकाणांपैकी आहे, ज्यांना २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. फुलांच्या मध्ये मुलाला बसवून फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो, आणि एका मुलाच्या बैठकीखाली ज्या वनस्पती चिरडतात त्यांच्यात टोपली कारवीसारखी सात वर्षांनी एकदा फुलणारीही असू शकते. वाटेवर उकिडवं बसा, लांबचा झूम लावा, वाटेकडेची फुलं लेन्सजवळ पुसट घ्या. फोटोत मूल फुलांमध्ये बसल्यासारखंच दिसतं.

घरी आल्यावर

त्याच रात्री निवडू नका, सगळेच आवडतात. दोन दिवसांनी बसा. आधी डोळे पुसट असलेले काढा, मग एकसारख्यांतला एकच ठेवा. तीनशेतले पंधरा उरले तर छान दिवस होता.

सुधारणा थोडक्या. उजेड, सावल्या किंचित उघडणं, क्षितिज सरळ. हिरव्याची तीव्रता वाढवू नका, उलट जरा कमी करा. कापताना मनगटावर किंवा घोट्यावर रेघ येऊ देऊ नका. मांडीवर, कंबरेवर कापलेलं डोळ्याला खटकत नाही. गुडघ्यावरची खरचट, नाकाचा शेंबूड? खरचट ठेवा. शेंबडाचं तुम्ही ठरवा.

नातेवाइकांना पाठवताना दोन गोष्टी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाइल जाते, पण तिच्यासोबत जागेची नोंदही जाते, म्हणून कॅमेरा अ‍ॅपमधली लोकेशनची खूण आधीच काढून टाकलेली बरी. सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी टाकणार असाल तर शाळेच्या गणवेशातले, घराची पाटी दिसणारे आणि अर्धवट कपड्यांतले फोटो वगळा. सात-आठ वर्षांच्या मुलाला विचारूनच टाका. माझी भाची आता आठ वर्षांची आहे आणि ती निम्म्यांना नाही म्हणते.

प्रिंट काढाच. मॅट कागद घ्या, बोटांचे ठसे दिसत नाहीत. कागदावर फोटो स्क्रीनपेक्षा गडद येतो, म्हणून पाठवण्याआधी उजेड किंचित वाढवा. आणि मापाकडे बघा: ४ बाय ६ चा कागद ३:२ च्या प्रमाणात असतो, कॅमेऱ्याचा फोटोही बहुधा तसाच, पण फोनचा ४:३. तो तसाच दिला तर दुकानातलं मशीन कडा कापतं आणि नेमके पाय किंवा केसांवरची सोनेरी कड जाते. आपणच आधी ३:२ मध्ये कापून द्या. कुसळवाल्या फोटोच्या पहिल्या प्रिंटमध्ये भाचीचा मोजाच कापला गेला होता, दुसरी काढावी लागली.